गृह माहिती प्रणाली, आवृत्ती पहिली

४ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून कोर्स. 'डेटा, माहिती आणि माहिती प्रणाली : मूलतत्त्वे.' सहा शनिवार. अख्ख्या सेक्शनमधून साहेबांनी एकट्या माझं नाव पाठवलं. बाकीच्यांना म्हणे कामं आहेत. साहेबांच्या मनात माझ्याविषयी काहीतरी मोठं शिजतंय, हे शेंबडं पोरही सांगेल. शेजारच्या टेबलावरचा टकलू जळून खाक झाला. वरवर म्हणाला, सुट्टी गेली की रे तुझी.

सर माझ्या लेकीच्या वयाचे, पण शिकवतात छान. डेटा म्हणजे नुसत्या सुट्या नोंदी, कच्चा माल. त्यावर प्रक्रिया केली की माहिती. १०२ हा डेटा. पोराला १०२ ताप आहे, ही माहिती. पुढे ते औषध आणायला उठण्याबद्दल काहीतरी सांगत होते, पण मी पहिली दोन वाक्यं सुवाच्य अक्षरात उतरवण्यात गुंतलो होतो.

घरी आल्या आल्या बायकोला समजावलं. ती नर्स, तापाचं तिला कौतुक नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, माझ्याकडेही एक माहिती आहे. बाहेरगावी नवं हॉस्पिटल निघालंय, तिथे तिला मेट्रन म्हणून बोलावलंय. दोन खोल्यांचं क्वार्टर. हो की नाही ते तीस तारखेपर्यंत कळवायचं. विचारत होती, काय करू?

म्हटलं, अगं, ही माहिती नव्हे, हा नुसता डेटा झाला. यावर प्रक्रिया व्हायला हवी. उठून आत गेली. विषय नवीन आहे तिला.

५ नोव्हेंबर, सकाळ

संकल्प. यापुढे घरातला एकही निर्णय अंदाजानं घ्यायचा नाही. स्कूटर अंदाजानं घेतली, ती अजून ढकलतोय. मेहुणीच्या नवऱ्याशी भांडलो तेही अंदाजानंच. चूक माझी होती हे नंतर कळलं. आता बास. मेट्रनचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीनं सोडवायचा. गृह माहिती प्रणाली उभारायची. संक्षेप : गृमाप्र.

बायकोला कल्पना दिली. ती म्हणाली, अहो, एवढं कशाला? तुम्ही जा म्हणालात तर जाईन, नको म्हणालात तर नाही जाणार. बरोबर येतो म्हणालात तर सोन्याहून पिवळं, बदलीचा अर्ज करता येईल. पण काहीतरी म्हणा.

तिचा माझ्यावर केवढा विश्वास! म्हणूनच घाई करून चालणार नाही.

८ नोव्हेंबर

कॉम्प्युटरवर तक्ता तयार. रकाने : तारीख, बायकोचा मूड (एक ते पाच), आवाजाची पट्टी, दार लावण्याची पद्धत (हळू, मध्यम, आपटून), चहातली साखर, इतर. रकान्यांना रंग दिले. मूडला गुलाबी. फार देखणं दिसतंय.

पहिली नोंद. मूड : दोन. दार : आपटून. इतर : 'काही ठरलं का?' असं विचारलं.

११ नोव्हेंबर, शनिवार

प्रणालीचे भाग : हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डेटा, कार्यपद्धती आणि माणसं. सर म्हणाले, माणसं शेवटी लिहिली तरी तीच पहिली. यूजर नसेल तर प्रणालीला काही अर्थ नाही. आपल्याकडे प्रश्नच नाही. यूजर घरातच आहे.

१४ नोव्हेंबर

टकलूला तक्ता दाखवला. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, लेका, वहिनीला सरळ सांग ना तुला काय वाटतं ते. अशा माणसांमुळेच आपलं ऑफिस मागे आहे.

१६ नोव्हेंबर

निरीक्षणात एक अडचण. मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो की मूड आपोआप एका अंकानं उतरतो. उपाय : वही घेऊन उभं राहणं बंद, प्रपत्र सुरू. छापून फ्रिजवर लावलं, शेजारी दोऱ्यानं पेन बांधला.

'आजच्या नाराजीचे कारण (एकावर खूण करा) : १) दमणूक २) डोकेदुखी ३) बहिणीचा फोन ४) इतर, तपशील द्यावा.'

संध्याकाळी भरून मिळालं! चारवर खूण. तपशिलात एकच शब्द : 'तुम्ही.'

तुम्ही काय? वाक्य अपुरं आहे. अपुरा डेटा बाद करावा, असा नियम आहे. बाद केला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज सर म्हणाले, आत कचरा टाकला तर बाहेर कचराच येतो. डेटा साफ करून घ्या. डोळे उघडले. घरी येऊन सफाईला बसलो. 'तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं' : भावनिक, काढून टाकलं. 'एकटीनं तिथे राहायची भीती वाटते हो' : मोजता येत नाही, काढलं. 'बारा दिवस उरले' : हे कॅलेंडरमध्ये आहेच, पुनरुक्ती, काढलं.

'इतर'चा रकाना आता अगदी स्वच्छ झाला. सगळीकडे आकडे. बघून मन प्रसन्न झालं.

२२ नोव्हेंबर

लेकीचा फोन. ती दूर नोकरीला आहे, पण आईकडून तिला सगळं कळतं. म्हणाली, बाबा, आई रात्ररात्र झोपत नाही. मी म्हटलं, झोपेचा रकाना नव्हता, बरं झालं सांगितलंस. फोन ठेवून दिला तिनं. तिकडे नेटवर्कचा त्रास फार.

झोपेचा रकाना घातला. निळा.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आजचा विषय सुरक्षा. डेटा कुलपात ठेवावा, नाहीतर कुणीही येऊन मागाहून बदलतो. घरी येऊन कुलूप बसवलं : तीस तारीख उलटली की पासवर्डशिवाय एकही नवी नोंद घेतली जाणार नाही. निर्णय पारदर्शक हवा.

पासवर्ड सरांनी सांगितला तसा कठीण ठेवला. अक्षरं, अंक, चिन्हं, सगळा काला. इतका कठीण की भाजी घेऊन येईपर्यंत मीच विसरलो. परत नवा केला आणि या खेपेला बायकोला ऐकवून ठेवला. कुणाला सांगू नये म्हणतात, पण बायको म्हणजे कुणी नव्हे. तिनं भांडी घासता घासता एकदा ऐकला आणि धडाधड म्हणून दाखवला. वॉर्डातल्या पेशंटांच्या गोळ्या तोंडपाठ असतात तिच्या.

मग हात पुसत म्हणाली, पाचच दिवस राहिलेत. मी म्हटलं, काळजी करू नकोस, प्रक्रिया सुरू आहे.

२८ नोव्हेंबर

फ्रिजवरचं प्रपत्र तीन दिवस कोरं. दार : हळू. आवाज : शांत. विचारणा : शून्य. मूड मी स्वतःच चार लावला. प्रणाली काम करतेय! नुसत्या डेटा गोळा करण्यानं घरात केवढी शांतता आली.

बदलीच्या अर्जाचा नमुना टकलूनं कुठूनतरी आणून माझ्या टेबलावर ठेवलाय. त्याच्या पाठीमागच्या बाजूवर तक्त्याचं कच्चं चित्र काढलं.

३० नोव्हेंबर, सकाळ

आज रिपोर्ट. बायको डबा भरताना म्हणाली, आज तीस. म्हटलं, संध्याकाळी सगळं तुझ्या हातात. ती दारात थांबली. म्हणाली, रिपोर्ट राहू दे, तोंडानं सांगा. मी म्हटलं, तोंडी माहितीला पुरावा नसतो.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ

दुपारी आकृती गोल ठेवावी की उभ्या पट्ट्यांची, यात वेळ गेला. गोल ठेवली. मग प्रिंटरची शाई संपली. टकलूच्या हातापाया पडून दुसऱ्या सेक्शनमधून छापून आणलं. निष्कर्ष : 'गृहशांती निर्देशांक ८७. पत्नी बाहेरगावी जाण्याची शक्यता नगण्य.'

पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवला. बायको म्हणाली, मी हो कळवलं. चार वाजेपर्यंत तुमच्या फोनची वाट पाहिली. मग कळवलं.

रिपोर्टच्या आधीच निर्णय! यूजरला प्रशिक्षण कमी पडलं, दुसरं काय.

जेवलो नाही. आकृतीचे रंग पुन्हा तपासत बसलो.

२ डिसेंबर, शनिवार

चांगल्या माहितीची चार लक्षणं शिकवली. अचूक, पूर्ण, कामाची. चौथं लिहून घ्यायचं राहिलं. शेजारच्या माणसाला आपली गोल आकृती दाखवत होतो.

त्यानं विचारलं, मग वहिनी थांबल्या का? मी म्हटलं, त्या अपवादात मोडतात.

४ डिसेंबर

घरभर बॅगा. बायकोनं माझे शर्ट इस्त्री करून एका कप्प्यात लावले. कुठे काय आहे ते सांगत होती : बिलं, गॅसवाल्याचा नंबर, माझ्या गोळ्या. मी हो हो म्हणत होतो, पण लक्ष लागेना. सुधारित रिपोर्ट काढायचं ठरवलं. तो वाचला तर थांबेलही.

६ डिसेंबर, दुपार

बसस्टँडवर तिला सोडून आलो. मेहुणी नवऱ्याला घेऊन आली होती. तो माझ्याशी चक्क नीट बोलला. बॅगा चढवल्या. सगळे खिडकीपाशी. बायको पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, काही सांगायचंय का?

मी पिशवीतून सुधारित रिपोर्ट काढून दिला. आवृत्ती दुसरी, रंगीत. कंडक्टरनं घंटी मारली. तिनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. जपून ठेवली, म्हणजे उपयोग पटला असणार.

बस वळणावरून गेली तरी मी तिथेच. मेहुणी म्हणाली, भावोजी, चला आता. तिचा आवाज एरवीपेक्षा मऊ होता, हे कुठल्या रकान्यात घालावं कळलं नाही.

७ डिसेंबर

तक्ता उघडला नाही, इथेच लिहितो. चहा : फिका. कारण : साखर सापडली नाही. चष्म्याची डबी सापडली नाही. लाइटचं बिल कुठल्या कप्प्यात ते आठवेना. घराचा सगळा साठा बायकोच्या डोक्यात होता, आणि मी त्याचा बॅकअप घेतलेला नाही.

मूड : नोंदवायला कुणी नाही. दार : मी लावलं, मध्यम. घर फार मोठं वाटतंय. इतकी शांतता मला नको होती.

९ डिसेंबर, शनिवार

परीक्षा. पहिलाच प्रश्न : चांगल्या माहितीची चार लक्षणं लिहा. तीन लिहिली. चौथं काही केल्या आठवेना. पेपर देऊन बाहेर आल्यावर सरांना विचारलं. ते म्हणाले, वेळेवर मिळणं. वेळेवर मिळाली नाही तर कितीही अचूक असली तरी तिचं काय करायचं?

माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, जाऊ द्या हो, एकाच मार्काचा प्रश्न आहे.

दुपारी टकलूचा फोन. ऑफिसात नवी माहिती प्रणाली येणार होती, तिचं काम काल बाहेरच्या कंपनीला दिलं. साहेब म्हणाले, आपल्याकडे तसा माणूस नाही. मी कोर्सला गेलोय, हे ते विसरले असावेत.

१० डिसेंबर, रविवार

सकाळी लेकीचा फोन. आई नीट पोचली, खोल्या हवेशीर आहेत. मग म्हणाली, बाबा, एक विचारू? तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं? तिनं जावं की राहावं?

म्हटलं, थांब, बघून सांगतो.

तक्ता उघडला. वरपासून खालपर्यंत बघितला. बायकोचा मूड आहे, झोप आहे, साखर आहे, दार आहे. मला काय वाटतं, त्याचा रकानाच नाही. तीच एक गोष्ट तर ती विचारत होती, चार नोव्हेंबरपासून.

चूक कबूल. पण सुधारता येईल. प्रणाली म्हटली की सुधारणा आलीच. नवा रकाना घातला : 'पतीचे मत'. रंग दिला नाही. त्यात लिहिलं : जाऊ नकोस.

कॉम्प्युटर म्हणाला, अंतिम तारीख उलटली आहे, पासवर्ड द्या.

आठवेना. चार वेळा चुकीचा दिला. मग बायकोला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. बोला, म्हणाली. कधी नव्हे ते एकदम आशेनं. मी म्हटलं, अगं, तो पासवर्ड काय होता गं?

तिनं पासवर्ड सांगितला. एकेक अक्षर, हळूहळू, मला लिहून घेता येईल असं. सगळं बरोबर. मग विचारलं, आणखी काही?

म्हटलं, नाही, एवढंच.

साखर वरच्या फळीवर उजवीकडे आहे, असं सांगून तिनं फोन ठेवला.

पासवर्ड घातला. चालला. 'जाऊ नकोस' : नोंद झाली.