पन्नासपैकी एकोणीस

ला क्रॉस, विस्कॉन्सिन
मार्चचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप व्हर्नमामांस,

आर्लन आणि लोइसचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुम्ही पाठवलेले सॉसेज पोचले आणि फार उत्तम होते (लोइसच्या वाट्याचेही मीच खाल्ले, तिला कळवू नका). आमचा संगणक बिघडलाय, म्हणून हे पत्र हातानं लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या.

खरं तर आभार मानायला बसलोय. घरी बिअर कशी करायची हे मला तुम्ही शिकवलंत, तेही कधी आवाज न चढवता. मग सहा वर्षांपूर्वी स्पर्धेतल्या कुणा परीक्षकानं (सहीच्या जागी नुसता क्रमांक) तुमच्या बिअरला पन्नासपैकी एकोणीस गुण दिले. तुम्ही तो कागद फ्रेम करून गॅरेजमध्ये लावलात आणि बिअरचं पातेलं मक्याची कणसं उकडायला काढलंत. तेव्हापासून एक बाटली भरली नाहीत. पण त्या माणसाला कधी वाईट बोलला नाहीत. "बिचाऱ्यानं दुपारी कांदा खाल्ला असेल," एवढंच म्हणालात. त्याच्या वतीनं मी तुमचे आभार मानतो.

आता माझी फजिती ऐका. गेल्या महिन्यात इथल्या स्पर्धेत मी नेहमीसारखा परीक्षक होतो (वीस वर्षांचा अनुभव, शिवाय जिभेचा लौकिक). तुमच्या वहीत बघून केलेली तपकिरी बिअरही मी स्पर्धेत ठेवली होती. आपली बिअर ज्या गटात, तिथे आपण बसायचं नाही, म्हणून मी काळ्या बिअरच्या टेबलावर बसलो. पण व्यवस्था बघणाऱ्या डेल्फीनबाईंना बाटल्या कमी वाटल्या आणि त्यांनी दोन्ही गट एकत्र केले. मला सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. बाटल्या सगळ्या सारख्या, झाकणावर फक्त क्रमांक.

जेवणात चिलीचा तिखट रस्सा होता, वर कच्चा कांदा. जेवणानंतरच्या सातव्या बाटलीला मी एकोणीस गुण दिले. शेजारच्या कर्टिसनं (हा निवृत्त दंतवैद्य) दिले होते अडतीस. दोघांत सातापेक्षा जास्त फरक चालत नाही, तेव्हा घासाघीस सुरू झाली.

"अरे, चांगली आहे की रे," कर्टिस म्हणाला.

"लोकांचे दात बधिर करता करता तुझी जीभही बधिर झालीय," मी म्हणालो.

अर्धा तास भांडून त्याला सव्विसावर आणला आणि खाली शेरा मारला, "बनवणाऱ्याने आधी भांडी घासायला शिकावे." घरी आलो तो एखादा गड सर केल्यासारखा.

दहा दिवसांनी माझ्या बिअरचा निकाल टपालानं आला. आत माझ्याच अक्षरात मला सल्ला. लोइसनं तो दोनदा वाचला. म्हणाली, "शहाणा माणूस दिसतोय. मी लग्न झाल्यापासून तुला हेच सांगतेय." संध्याकाळी आम्ही उरलेली बाटली उघडली. मामा, ती बिअर फार सुरेख होती. तुमची पद्धत होती ती, म्हणून पुन्हा एकदा आभार.

तुमचा भाचा,
आर्लन

ता. क. : कणसं दुसऱ्या भांड्यात उकडा. मे महिन्यातल्या स्पर्धेला तुमची बिअर हवी आहे. मी परीक्षकांत नाही, ग्लास विसळायचं काम मागून घेतलंय.

आणखी एक ता. क. : संगणक ठणठणीत आहे. हे पत्र घेऊन गॅरेजमध्ये जा आणि त्या फ्रेमशेजारी धरून दोन्हींतलं अक्षर बघा. तुम्ही ती लावलीत त्याच दिवशी मी ओळखलं होतं. माझी जीभ चुकणार नाही, तुमचीच भांडी नीट धुतलेली नसतील, अशी स्वतःची समजूत घालून सहा वर्षं गप्प बसलो. मला फार लाज वाटते. त्या दिवशीही जेवणात कांदा होता, मामा.