आबांच्या शेजारचं पान

चि. दिग्विजय,

माझा जीव अजून थाऱ्यावर न्हाय. ऊसतोडीसाठी तू बनवलेली बोलकी यंत्रं कन्हेरीच्या शेडात सोडून परदेशी गेलास. ती अजून तुझी वाट बघत्यात.

आज सर्वपित्रीला तुझ्या आबांचं पान शेडावर ठिवलं. यंत्रांनी इचारलं, हे कुणासाठी, तवा मी म्हणले, "जे गेले अन् परत येणार न्हाईत, त्यांच्यासाठी असतं."

थोड्या वेळानं बघते, तर शेजारी दुसरं पान, अन् म्होरं तुझा फोटो!

"आरं, जिता हाय माझा लेक!" मी किंचाळलेच.

थोरलं यंत्र म्हणालं, "मग येत का न्हाय?"

मी पान उचलायला धावले, पर कावळा आधीच शिवून गेला व्हता.

हे पत्र तुला कसं धाडू?

तुझी, अन् आता त्यांचीबी,
आई