फोन वाजताच नाहीशा होणाऱ्या जावयाबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सान विदाल दूरध्वनी मंडळ,
सान विदाल, जिल्हा इलोईलो.

अर्जदार: क्रिसान्तो नुफाब्ले, निवृत्त न्यायालयीन कारकून, चर्चमागील गल्ली.

विषय: घरचा फोन वाजताच इंटरनेट बंद पडत असल्याने मुलीचे लग्न मोडण्याच्या बेतात असल्याबाबत.
संदर्भ: माझ्या आधीच्या तक्रारी, ज्या आपण ‘निकाली’ काढल्या.

महोदय,

आपला वेळ मोलाचा आहे हे मी जाणतो. माझ्या मुलीचाही आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

१. आमच्या घरी फोन आणि इंटरनेट एकाच तारेवरून येतात. फोन गप्प असेतोवर इंटरनेट सुरळीत चालते. घंटा वाजली, किंवा आम्ही कोणी रिसीव्हर उचलला, की मोडेमवरचा हिरवा दिवा विझतो, आणि फोन खाली ठेवून बराच वेळ गेल्याशिवाय पुन्हा लागत नाही.

२. माझी मुलगी रोसावेल हिचे लग्न दोहा येथे हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या जोनेल या मुलाशी ठरू घातले आहे. मुलाकडच्यांनी जेवण घेऊन मुलीच्या घरी यावे, जिना चढावा आणि वडीलधाऱ्यांसमोर रीतसर मागणी घालावी, हा आपल्याकडचा रिवाज आपणही पाळला असेलच. जोनेलला रजा नव्हती. सबब त्याचे आईवडील मोलो सूपचे पातेले घेऊन जिना चढले आणि तो स्वतः संगणकाच्या पडद्यावर बसला. इथवर कोणाचीच हरकत नव्हती.

३. हरकत माझी थोरली बहीण, मनांग पुरिंग, हिची आहे. ती शहरात हारो भागात राहते. पत्नी वारल्यानंतर रोसावेलला तिनेच लहानाचे मोठे केले. तिच्या होकाराशिवाय मुलगी या घरातून जाणार नाही, हे मी मुलाकडच्यांना आधीच सांगितले होते. मनांगचे गुडघे धरलेले असतात व जीपनीच्या प्रवासात तिला मळमळते. तेव्हा तिने मुलाला जे काय विचारायचे ते फोनवरून विचारावे, आणि मी रिसीव्हर संगणकासमोर धरावा, असे ठरले.

फोन वाजला आणि मुलगा गेला. त्याचे अर्धवट उघडलेले तोंड क्षणभर पडद्यावर राहिले, मग तेही दिसेना.

मनांगने विचारले, “कुठाय तो?”

मी म्हणालो, “आत्ता होता.”

“होता म्हणजे काय, क्रिसान्तो? मी बोलायला आले आणि तो उठून गेला?”

तिने रागाने फोन आपटल्यावर काही वेळाने मुलगा परत आला. तो आल्याचे मनांगला कळवावे म्हणून मी फोन उचलला. मुलगा पुन्हा गेला. सूप गार होईस्तोवर हेच चालले होते. पुढच्या रविवारी मुलाकडचे पुन्हा पातेले घेऊन आले, पुन्हा तेच झाले, आणि मनांगने निकाल दिला: “मी आले की हा जातो. लग्नाआधी ही तऱ्हा, तर लग्नानंतर बाजारात जातो म्हणून सांगून कुठे जाईल? आता शेवटचं. येत्या खेपेला पळाला तर माझ्याकडून नाही, आणि मला पुन्हा विचारायचं नाही.”

४. आपल्या कचेरीने लक्षच दिले नाही असे मी म्हणणार नाही. तक्रार नोंदवली की आपल्या एक बाई, नियमाप्रमाणे घरच्याच फोनवर, फोन करून विचारतात, “सर, इंटरनेट चालू आहे का?” मी सांगतो, “बाई, तुमचा फोन येईपर्यंत चालू होतं.” ‘चालू होते’ एवढे लिहून घेऊन त्या तक्रार बंद करतात. बाई स्वभावाने फार गोड आहेत. एकदा तर इंटरनेट परत आले का हे पाहण्यासाठी त्यांनी मुद्दाम दुसऱ्यांदा फोन केला होता.

५. फोन आणि भिंत यांच्यामध्ये एक छोटी डबी बसवली की फोन आणि इंटरनेट एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, असे मला समजले. ती डबी आपण पाठवलीही होती. परंतु या गावात बहुतेकांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. ते स्पॅनिश साहेबांनी त्यांच्या राज्यात गावोगाव आडनावे वाटताना करून ठेवले आहे, त्याचा दोष मी आपणास देत नाही. आपल्या माणसाने नुफाब्लेंची डबी शेजारच्या नोपुएंतेंच्या फोनला बसवली. नोपुएंतेंकडे संगणक नाही. डबी बसल्यापासून फोनवर आवाज कसा स्वच्छ येतो, हे ते गल्लीभर सांगत असतात. मी मागायला गेलो तर म्हणाले, “माझी ना नाही हो. पण मंडळाच्या माणसाने बसवली, मंडळाच्या माणसानेच काढावी. वर शिक्का आहे.”

तसाच शिक्का माझ्या फोनच्या जोडावरही आहे, त्यामुळे रविवारपुरता फोन भिंतीपासून सोडवून ठेवता येत नाही. उभी नोकरी मी न्यायालयाची सील सांभाळण्यात घालवली. माझा हात धजत नाही. रोसावेल काल म्हणाली, “ताताय, तुमच्या शिक्क्यापायी मी म्हातारी होऊ का?”

६. सबब विनंती की, आमची डबी आम्हाला मिळावी. तसेच, ‘सदर मुलगा स्वभावाने पळपुटा नसून तो आमच्या तारेमुळे नाहीसा होतो’ असा दाखला मंडळाच्या शिक्क्यानिशी द्यावा. मनांगचा पडद्यावर विश्वास नाही, कागदावर आहे.

७. अर्ज येथवर लिहून झाला असता फोन वाजला. मनांग होती. “रविवारी मी फोन करणार नाही. मी येतेय. गुडघे गेले खड्ड्यात. समोर बसते आणि बघते कसा पळतो.” मग म्हणाली, “पोरगी जेवते ना रे नीट? परवा आवाज बारीक लागला तिचा.” मला भरून आले, हे अर्जात लिहिण्याजोगे नसले तरी लिहितो.

तेव्हा डबी आपल्या सवडीने आली तरी चालेल. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मनांग, मुलाकडचे, झाडून सगळे नातेवाईक आणि नोपुएंतेसुद्धा माझ्याच दिवाणखान्यात बसलेले असतील. माझ्या घरी फोन करणारे जेवढे म्हणून लोक आहेत, ते सगळे त्या खोलीत असतील. बाहेर उरते ती फक्त आपली तक्रार शाखा, जी रविवारीही चालू असते, आणि एरवी मला त्याचे कौतुकच आहे.

एवढीच कळकळीची विनंती की, हा अर्ज मिळाला हे कळवण्यासाठी बाईंनी त्या दिवशी फोन करू नये.

आपला नम्र व रविवारपर्यंत जीव मुठीत धरून बसलेला,
क्रिसान्तो नुफाब्ले

दिनांक: ८ मे २०१२

सोबत: जोनेलचे छायाचित्र, दाखल्यावर चिकटवण्यासाठी.