ऑर्गनच्या मागून काय दिसतं

पप्पा,

परवा रविवारी संध्याकाळी आपल्या दगडी देवळात ऑर्गनचा कार्यक्रम झाला. फुकट होता. फाटकाशी ‘प्रवेश विनामूल्य, सर्वांचे स्वागत’ असा फलक लावला होता आणि सर्वांनी तो फारच मनावर घेतला. नाताळातसुद्धा भरत नाही इतकं देऊळ भरलं. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीतल्या चौघी जणींना मीच घेऊन गेले होते. आयुष्यात कधी चर्चची पायरी चढलेल्या नव्हत्या बिचाऱ्या. त्यांनी सवयीने दारातच चपला काढल्या, त्यांचं बघून मागच्यांनी काढल्या आणि पाळकबाई धावत येऊन “अहो, आमच्यात चालतं, घाला चपला!” म्हणेपर्यंत पायऱ्यांवर ही रास पडली. मग कोणाची कोणती तेच कळेना. तुम्ही असतात तर कार्यक्रम सोडून जोड्या लावत बसला असतात. मी मागून तिसऱ्या बाकावर बसले. हे आले नाहीत, त्यांचा गुडघा धरलाय. एका परीने बरंच झालं, कारण मला तिथे एकटीने बसायचं होतं. का, ते सांगायलाच लिहायला बसलेय.

वाजवणारी मुलगी मुंबईची, जेमतेम पंचविशीची. चुडीदार, केस वर बांधलेले आणि पायात पातळ तळाचे काळे बूट, कारण खालच्या पट्ट्या पायांनी दाबायच्या असतात. आधी तिने कोणा जुन्या जर्मन माणसाचं काहीतरी वाजवलं. ते संपलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडे कोण वाजवतं देवळात टाळ्या? बाहेरचे आपल्या लोकांकडे बघतायत, आपले लोक पाळकसाहेबांकडे बघतायत आणि पाळकसाहेब छताकडे. शेवटी माझ्या शेजारणीला राहवलं नाही. तिने एकटीनेच कडाकडा वाजवल्या, मग सगळं देऊळ वाजवायला लागलं. पुढे एक भजन झालं, दोन जुनी हिंदी सिनेमाची गाणी झाली. त्यातलं एक आई भाकरी थापताना गुणगुणायची, तेच. भिंतीएवढ्या नळ्यांमधून ते गाणं असं संथ, जड होऊन येत होतं, जणू कोणी ते पाण्याखाली गातंय. रंगीत काचांमधून येणारं ऊन बाकांवरून सरकत सरकत माझ्या मांडीवर आलं आणि मला वाटलं, मी आता अठरा वर्षांची आहे, उपासना संपलीय आणि तुम्ही शर्टाच्या बाह्या खाली सोडत ऑर्गनच्या मागून बाहेर येताय. मी त्या दाराकडे बघत राहिले. गाणं संपलं तरी बघत होते.

आता मोटर आहे, पप्पा. बटण दाबलं की भाता आपोआप भरतो. हा शोध एकलहऱ्याच्या माणसाला आवडला असता. आठवडाभर औष्णिक केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यापाशी उभं राहायचं, सगळ्या जिल्ह्याला वीज पाठवायची आणि रविवारी सकाळी बस बदलत शहरात येऊन ऑर्गनला हाताने वारा घालायचा, कारण देवळाकडे मोटर घ्यायची ऐपत नाही. यात तुम्हाला कधी काही विचित्र वाटलं नाही. उलट ऐट असायची. “वाजवणारा कोणीपण भेटंल, वारा देणारा नाय भेटत,” असं तुम्ही आईला सांगायचात आणि आई म्हणायची, “हो, पंखेच तुम्ही!”

ती जागाही मला आठवते. म्हणजे दारातून जेवढी दिसली तेवढीच. मी नववी-दहावीत असेन. पुढचं गीत सुरू व्हायला अजून वेळ आहे असं समजून मी तुम्हाला पाणी द्यायला मागे आले आणि “पप्पा” अशी हाक मारली. तुम्ही वळलात. तेवढ्यात समोरच्या दोरीला टांगलेलं शिशाचं वजन वर सरकलं आणि बाहेर सगळं देऊळ उभं राहून गात असताना ऑर्गन म्हशीसारखा हंबरून बंद पडला. भाता रिकामा व्हायला लागला की ते वजन वर चढतं, भरला की खाली येतं. वारा देणाऱ्याने त्याच्यावरच डोळा ठेवायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. उपासना झाल्यावर आपण बसने घरी आलो. मग जेवताना म्हणालात, “मी आत असताना मला हाक मारायची नाय. तिथं मला त्या वजनाबिगर कायपण दिसत नाय आन् दिसूपण नये.” तुम्ही मला आयुष्यात तीन-चारदाच रागावलात, त्यातलं हे एक.

मग माझं लग्न. इतकी वर्षं हे कोणाशी बोलले नाही. हे लोक पुण्याचे, सासरे प्राध्यापक, सासूबाई इंग्रजीतून प्रार्थना म्हणणाऱ्या. पहिल्यांदा ते आपल्या क्वार्टरवर आले तेव्हा तुम्ही नमस्काराला हात जोडलेत आणि मी फक्त तुमची नखं बघत होते. लिंबाने घासली होतीत, दगडाने घासली होतीत, तरी कोळसा कडांना होताच.  सासूबाई बघतही नव्हत्या बहुतेक. पण मी बघत होते. लग्नाआधी पंधरा दिवस मी तुम्हाला म्हटलं, “पप्पा, मला लग्नात ऑर्गन हवाच. आणि वारा तुम्हीच द्यायचा. दुसऱ्या कोणी दिला तर मध्येच बंद पडेल, माझी शोभा होईल.” तुम्ही विचारलंत, “मग तुझ्यासंगं कोण चालंल?” मी म्हटलं, “मामा आहे ना.” मामा बँकेत अधिकारी होता, त्याच्याकडे राखाडी सूट होता आणि त्याचे हात गुलाबी होते. तुम्ही नाशिक रोडच्या शिंप्याकडून कोट शिवून आणला होता, मधल्या वाटेने मला वेदीपर्यंत न्यायचं म्हणून. तुम्ही थोडा वेळ कोटाची बटणं लावत-काढत बसलात आणि म्हणालात, “बरं.”

ऑर्गन एकदाही थरथरला नाही. लग्नाचा असा मार्च या देवळात ऐकला नाही, असं सगळे म्हणाले. फोटोच्या वेळी तुम्ही ओल्या शर्टावर कोट चढवून आलात, त्या फोटोत तुमची कॉलर गळ्याशी काळपट दिसते. आणि निघताना गाडीच्या काचेशी वाकून तुम्ही मला म्हणालात, “मला सगळं दिसलं बरं का. नळ्यांच्या फटीतून. पायरीपाशी थांबलीस, पदर सावरलास, मग मामाकडं बघून हसलीस. पांढरी साडी लय शोभत होती.” मी रडले, सगळ्या मुली रडतात तशी. पण आतून मला फार मोकळं वाटलं. तुम्हाला दिसलं होतं ना! मग काय गेलं कोणाचं? तुम्ही वारलात तेव्हा मी हेच धरून बसले. पुढेही कधी मन खायला लागलं की मी स्वतःला सांगायची, पप्पांनी पाहिलंय सगळं, बाजूने चालले नाहीत एवढंच.

तर परवा. शेवटून दुसऱ्या गाण्याच्या आधी त्या मुलीने मोटर बंद करायला सांगितली. म्हणाली, “पूर्वी हा ऑर्गन माणसाच्या हातांवर चालायचा. जुना दांडा अजून जागेवर आहे. कोणी वारा देता का? मोटरचा वारा आणि माणसाचा वारा यातला फरक ऐकू येतो.” एक धिप्पाड गृहस्थ हौसेने गेले आणि विहिरीचं पाणी उपसावं तसे दांड्याला लटकले. सूर असा डगमगला की सगळे हसायला लागले, तेही हसत बाहेर आले. मग पाळकबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “हिला सांगा. हिचे वडील पंचवीस वर्षं द्यायचे.” नको नको म्हणत मी उठले. या वयात, साडीचा पदर खोचून.

त्या दारातून मी पहिल्यांदा पूर्ण आत गेले, पप्पा. हात-दीड हात रुंद जागा. पुढ्यात दांडा, दांड्यासमोर दोरीचं वजन. मी दांडा दाबला. पहिल्यांदा जड, मग मऊ, जणू आत कोणी झोपलंय आणि श्वास घेतंय. बाहेर ती काहीतरी हळू, अंगाईसारखं वाजवत होती आणि माझ्या हाताखालून ते जात होतं. वजन खाली यायचं, वर जायचं. मी कुठे आहे, किती वर्षांची आहे, काही कळेना. इतकं छान मला फार दिवसांत वाटलं नव्हतं. त्या नादातच मी फट शोधायला लागले. तुम्ही कुठून पाहिलंत ते बघावं म्हणून. डावीकडे दगडी भिंत. उजवीकडे भाता. समोर, वजनाच्या मागे, वरपासून खालपर्यंत सागवानी फळी, जुनी, जिथल्या तिथे, कधी न हललेली. नळ्या त्या फळीच्या पलीकडे. मी वाकून पाहिलं, टाचा उंच करून पाहिलं. फळीला फट नाही, पप्पा. तिथून वेदी दिसत नाही, वाट दिसत नाही, बाकही दिसत नाहीत. सूर थरथरला तेव्हा मी भानावर आले आणि दांडा दाबला. तुम्हाला पदराचं आईने सांगितलं असणार. ती पहिल्या बाकावर होती. लग्न लागल्यानंतर जेवणाच्या पंगतीत, त्या गडबडीत, तुम्ही तिच्याकडून एकेक करून विचारून घेतलं असणार. मी हसले का, कोणाकडे बघून हसले, साडी कशी दिसत होती.

बाहेर आले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारीण म्हणाली, “काय हो, इतकं दमलात?” मी हो म्हटलं. शेवटचं गाणं कोणतं झालं ते मला आठवत नाही. घरी येऊन मी भात लावला, यांच्या गुडघ्याला तेल चोळलं. त्यांनी विचारलं, कसा झाला कार्यक्रम? मी म्हटलं, छान झाला, लोक चपला काढून बसले होते. ते खूप हसले. हे कागद त्यांना दाखवायचा माझा विचार नाही, मुलालाही नाही. कपाटात साड्यांच्या घडीत राहतील आणि माझ्यामागे सुनेने साड्या वाटल्या की जातील कुठेतरी.

तुम्हाला एक माहीत नाही, किंवा असेलही. लग्नाच्या आठ दिवस आधी देवळाची घंटा वाजवणारे काका घरी आले होते. तुम्ही कामावर होतात. ते म्हणाले, “पोरी, भाता मी ओढतो. तुझ्या बापाकडून शिकलोय, चुकणार नाय. त्याला तुझ्यासंगं चालू दे.” मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, “नको काका, पप्पांनाच ओढायचाय. त्यांची फार इच्छा आहे.” दर रविवारी उपासनेनंतर तुम्ही त्यांच्याबरोबरच टपरीवर उभे राहायचात, तेव्हा त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल का, हे मी परवापासून सारखी स्वतःला विचारतेय. सांगितलं असेल तर तुम्ही ते कळूनही वारा दिलात आणि कळूनही काचेशी वाकून ते सगळं बोललात. पण तुम्ही “बरं” म्हणालात त्या क्षणी मला वाईट वाटलं नव्हतं, पप्पा. मला हायसं वाटलं होतं.