तयार घ्यावी की बांधून घ्यावी

३ जून, सोमवार. सकाळी ९

आजपासून रोजनिशी. उद्योग कसा उभा राहिला हे पुढे कुणी विचारलं, तर तारखा हाताशी असाव्यात.

परिस्थिती: टायपिंग क्लास, वर्ष सत्ताविसावं. सायकलच्या दुकानावरची एक खोली. तीन कॉम्प्युटर. भिंतीकडेला कापडाखाली सहा जुने टाइपरायटर. विद्यार्थी एके काळी साठ. सध्या एक. लोकांना टायपिंग नकोय असं मुळीच नाही, त्यांना जिना नकोय. तेव्हा क्लास वेबसाइटवर न्यायचा. निर्णय पक्का.

प्रश्न एवढाच, की तयार वेबसाइट विकत घ्यावी की नवी बांधून घ्यावी. आठवड्यात निकाल लावतो.

५ जून, बुधवार

एकुलत्या एक विद्यार्थिनीबद्दल नोंद. बाई सरकारी कचेरीत अकरा वर्षं रोजंदारीवर फायली लावतात. ७ जुलैला परीक्षा. मिनिटाला तीस शब्द पडले तर नोकरी कायम. वयाच्या अटीमुळे हा शेवटचा प्रयत्न. सध्या वेग बावीस. दोष एकच: नजर बोटांवर जाते. मी शेजारी बसून ‘मान वर’ म्हटलं की जात नाही. महिनाभरात तीस सहज. अशा शेकडो माना मी वर केल्या आहेत.

८ जून, शनिवार. दुपारी

वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘विकत’, उजवीकडे ‘बांधून’. दोन्हीकडे सात-सात मुद्दे. डावीकडे आठवा सुचला म्हणून न्यायबुद्धीने उजवीकडेही एक घातला.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत वेबसाइट बांधणारे गृहस्थ बसतात. भेटलो. त्यांनी विचारलं, साइटवर काय घालायचं? हे मला अनपेक्षित होतं. ते आतच येत असेल अशी माझी समजूत होती.

११ जून, मंगळवार

क्लासचा इतिहास लिहून काढला. बारा पानं. त्यासाठी सकाळची शिकवणी रद्द केली, दारावर चिठ्ठी लावली: ‘स्वतः सराव करावा.’

बांधणाऱ्याने बारा पानं चाळली आणि म्हणाला, ‘काका, यात शिकायला काय आहे?’ माणूस तांत्रिक आहे, दृष्टी नाही. ‘बांधून’चे दोन मुद्दे खोडले.

संध्याकाळी हिच्याकडून कळलं की चिठ्ठी दारावर होती, पण किल्ली माझ्या खिशात होती. बाई तासभर जिन्यात बसून कचेरीत गेल्या. ही म्हणाली, बंद दाराबाहेर स्वतः सराव कसा करायचा तेही चिठ्ठीत लिहायचं होतंत.

१४ जून, शुक्रवार

शोध लागला! टायपिंग शिकवणारी तयार वेबसाइट विकायला आहे. नोंदलेले विद्यार्थी चार हजार एकशे बारा. विक्रेते फोनवर अत्यंत सुसंस्कृत. म्हणाले, ‘सर, भांड्याकुंड्यांसकट घर समजा. तुम्ही फक्त राहायला या.’

हिला सांगितलं. ही इस्त्री करता करता म्हणाली, एवढं भरलेलं घर आहे तर ते का सोडतायत? हिची नोकरी औषधांच्या दुकानात. काउंटरवर उभं राहून माणूस संशयी होतो. प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचायची सवय.

१७ जून, सोमवार

किल्ली हिने घेतली. दुकान नऊला उघडतं, तोवर मी सात ते पावणेआठ बाईंजवळ बसते म्हणाली. हिला टायपिंग येत नाही. नुसतं ‘मान वर’ म्हणणार. म्हटलं म्हण. मला तेवढाच निर्णयाला वेळ.

२१ जून, शुक्रवार

बाईंचा वेग सव्वीस. माझ्या पद्धतीचा विजय.

निर्णय जवळजवळ झाला आहे. बांधणाऱ्याकडे पुन्हा गेलो, केवळ त्याच्यावर अन्याय नको म्हणून. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, असल्या दहा साइट फुकट मिळतात, तुम्ही क्लासच नीट चालवा. धंद्याची भूक नसलेला माणूस. ‘बांधून’ची बाजू संपूर्ण खोडली.

२४ जून, सोमवार. सकाळी ८

विकत.

विक्रेते म्हणतात दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, शुक्रवारपर्यंत पैसे हवेत. आम्ही हिच्या नावावर ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही, हे माझं तत्त्व आहे. शिवाय त्या पासबुकाची जागा ही मला सांगत नाही.

२७ जून, गुरुवार

दोन कॉम्प्युटर विकले. एक विद्यार्थिनी, तीन कॉम्प्युटर, हा अपव्ययच होता. उरलेल्याची स्पेसबार जरा अडकते. शब्द एकमेकांना चिकटतात. बाईंना सांगितलं, टाइपरायटरवर करा. कळ जड असते, बोटांत ताकद येते. त्या ‘बरं सर’ म्हणाल्या. त्या नेहमीच ‘बरं सर’ म्हणतात.

२९ जून, शनिवार

वेबसाइट माझी झाली! स्क्रीनवर माझं नाव, तेही शुद्ध लिहिलेलं. पेढीवर बसल्यासारखं वाटतंय.

पुढचा आठवडाभर हिच्या दुकानात मालाची मोजणी, सातलाच हजर व्हायचं. किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाली, ‘एवढा एक आठवडा तुम्ही त्यांच्याजवळ बसा. दुसरं काही करू नका. नुसतं बसा.’ म्हटलं, हे काय सांगणं झालं? माझंच काम ते.

१ जुलै, सोमवार

बसलो. वीस मिनिटं. मग विक्रेत्यांचा पासवर्ड आला, तो चालेना. बाईंना म्हटलं, चालू द्या.

२ जुलै, मंगळवार

पासवर्ड.

३ जुलै, बुधवार. सकाळी ११

आत शिरलो. चार हजार एकशे बारा नावं खरोखर आहेत. प्रत्येकापुढे शेवटच्या भेटीची तारीख. सगळ्यात ताजी तारीख सहा वर्षांपूर्वीची. धडे छत्तीस. पहिला उघडतो. बाकी पस्तिसांच्या जागी ‘लवकरच येत आहे’.

विक्रेत्यांना फोन केला. उचलला नाही. व्यस्त माणूस.

४ जुलै, गुरुवार

खचायचं नाही. विद्यार्थी झोपलेले आहेत, त्यांना हाक मारली पाहिजे. सकाळभर बसून सर्वांना पत्र लिहिलं, ‘आपल्या जुन्या वर्गात पुन्हा स्वागत’. चार हजार एकशे बारा प्रती ई-मेलने धाडल्या. बाई पलीकडे टाइपरायटर बडवत होत्या. त्या आवाजात दोन वाक्यं पुन्हा लिहावी लागली. जाताना त्यांनी विचारलं, ‘सर, एकदा घड्याळ लावून वेग बघता का?’ म्हटलं, उद्या नक्की.

५ जुलै, शुक्रवार

तीन हजार आठशे पत्रं परत आली. उरलेल्यांकडून उत्तर एक. माझं नाव यादीतून काढा.

घड्याळ राहिलं. परीक्षेच्या तोंडावर वेग मोजल्याने उमेदवार बिचकतो, हा माझा जुना अनुभव.

७ जुलै, रविवार. सकाळी ७

बाईंची परीक्षा. केंद्रापर्यंत सोबत ही गेली आहे. मी जाणार होतो, पण मला पाहून त्यांच्यावर दडपण आलं असतं.

१० जुलै, बुधवार

विक्रेत्यांचा फोन नंबर अस्तित्वात नाही, असं फोनमधला आवाज पुन्हा पुन्हा सांगतो.

बांधणाऱ्याकडे गेलो. विचारलं, या विकतच्या साइटची डागडुजी होईल का? त्याने बराच वेळ बघितलं. म्हणाला, काका, नवी बांधणं सोपं. म्हणजे उजवी बाजू बरोबर होती. पण खर्चायला आता काही नाही. बाईंचा निकाल चांगला लागला की त्यांच्या फोटोसकट जाहिरात करू. फोटोखाली: ‘बावीसवरून तीस’. मजकूर लिहून ठेवला.

१६ जुलै, मंगळवार. सकाळी ८

बाई आल्या. मी फोटोसाठी खिडकीजवळ खुर्ची लावली होती. त्या जिन्याजवळच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘सर, अठ्ठावीस.’

मी म्हटलं, परीक्षेला परत बसा. मग मला वयाची अट आठवली.

तिथले कीबोर्ड फार मऊ होते म्हणाल्या. जड हाताची सवय झालेली, अक्षरं दोनदोनदा उमटली. ती खोडायला बघितलं आणि मान खाली गेली, ती गेलीच. ‘वर करायला कुणी नव्हतं ना,’ म्हणाल्या. रागाने नाही. पाऊस पडला असं सांगावं तसं. उद्यापासून पुन्हा फायली. रोजंदारीची मुदत डिसेंबरपर्यंत आहे.

हिला भेटायचं होतं त्यांना. ही दुकानात होती. परीक्षेत टाइप करायला दिलेला उतारा हिच्यासाठी टेबलावर ठेवून गेल्या.

दुपारी

ही जेवायला आली. निकाल सांगितला. उतारा उचलून वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. जेवली नाही. दुकानात परत गेली.

संध्याकाळी ५

उतारा फार कठीण होता, असं इथे लिहायचं ठरवलं होतं. पण हिच्याआधी मीही वाचला होता.

सोपा होता.