मेहुण्याला हात दाखवायचा आहे

३ जानेवारी, शनिवार
नवीन डायरी. संकल्प एकच: मेहुण्याला हात दाखवायचा.
तरुण पोरांना लोहारकामाची गोडी लागावी म्हणून गावातल्या क्लबात दर रविवारी प्रात्यक्षिक. करून दाखवणार कोण? मेहुणा! पोस्टरवर चक्क ‘उस्ताद’. माझ्या भट्टीवर भाता ओढत शिकला तो. बायको म्हणते, आधी तुम्हालाच विचारलं होतं, तुम्हीच पोरासोरांसाठी वेळ नाही म्हणालात. मुद्दा तो नाही.

४ जानेवारी, रविवार
गेलो नाही. फक्त कुंपणापलीकडून पाहिलं. पोरांची ही गर्दी! त्यात माझी मुलगी, हातात हातोडा. घरी किती वेळा मागितला, मी दिला नाही. काळजीपोटी. मामानं लगेच दिला. घरचा भेदी! जेवताना मामाचं कौतुक. अन्न गोड लागलं नाही.

७ जानेवारी, बुधवार
शत्रू स्वतः दारात. दाजी, तुमची सांडशी द्या म्हणाला. दिली. मधला खिळा सैल करून. रविवारी तापलेलं लोखंड सुटणार, याचं हसं होणार, मग मी पुढे होणार. पोरं तेव्हा दोरीबाहेर असतात. ती अक्कलही त्याला मीच दिलेली.

१० जानेवारी, शनिवार
शर्टाला इस्त्री. आरशासमोर वाक्य घोकलं: ‘याला म्हणतात उस्तादाचा हात!’ बायकोनं विचारलं, कुणाचं लग्न आहे?

११ जानेवारी, रविवार (डाव्या हातानं)
योजना शंभर टक्के यशस्वी. सांडशी निसटली, लोखंड खाली, पोरं खो-खो हसली. मेहुणा ओरडला, कुणी हात लावू नका. त्याचं कोण ऐकतो? पुढे झालो, वाक्य म्हटलं, लोखंड उचललं.
लाली गेली होती. ताप गेला नव्हता. काळं दिसणारं लोखंड थंड समजू नये, हे आयुष्यभर लोकांना मीच सांगत आलोय.
मुलीनं धावत येऊन माझा हात बादलीत बुडवला. मेहुण्यानं जाहीर केलं, दाजींनी धोका मुद्दाम करून दाखवला. टाळ्या. बायको एवढंच म्हणाली, हात दाखवून अवलक्षण.

१८ जानेवारी, रविवार
क्लबाचं मानाचं बोलावणं. आता दर रविवारी. काम: सुरुवातीला पट्टी सोडून पोरांना हात दाखवणे. मुलगी रांग लावते. भाजलेला भाग कुठला तेही तीच समजावते, हातोड्याच्या दांड्यानं.
सगळ्यांना दाखवून झाला. राहिला मेहुणा. सांडशी परत देत हळूच म्हणाला, असू द्या दाजी, सैल खिळा ठोकताना तुमचा हात ओळखला.