ताडपत्रीचं मग सांगते

ता. १८ ऑक्टोबर, सकाळच्या धारा काढून झाल्यावर

चिरंजीव ढब्बूस आईचे पोटभर आशीर्वाद.

तू पन्नाशीला आलास, डोक्यावरचं रान विरळ झालं, तरी माझ्या कागदावर ढब्बूच राहणार. सूनबाईलाही आशीर्वाद. तिला म्हणावं, पाठवलेला स्वेटर अगदी बेताचा बसला, फक्त मान आत घालताना झटापट होते. माझे गुडघे बरे आहेत, म्हणजे दुखतात, पण ऐकतात. पाचही गाई उभ्या आहेत, खातात, रवंथ करतात, आणि तांबू परत पूर्वीसारखी शिंग मारायला लागली आहे. काल बादली उडवली. मला इतका आनंद झाला की मी तिला दोन शिव्या जास्तच घातल्या.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मधे बोलतोस. कागदाच्या मधे कुणाला बोलता येत नाही. आणि तू दर वेळी विचारतोस, "आई, ताडपत्री कामाला आली का?" त्या ताडपत्रीचं मग सांगते. आधी तुझ्या लेकीचं ऐक.

अरे, काय पोरगी आहे! गुरांची डॉक्टर होणार म्हणाली तेव्हा तू नाक मुरडलंस, आणि खरं सांगायचं तर मीही मुरडलं होतं, फक्त पदराआड. आता दवाखान्यात लोक बसून राहतात, "छोट्या डॉक्टरीणबाई आल्या की दाखवू" म्हणतात. मोठे डॉक्टर शेजारी रिकामे बसलेले असतात तरी! मी मुद्दाम त्या रस्त्याने भाजी आणायला जाते. लांब पडतं, पडू दे.

तर आपल्या गाई खाईनाशा झाल्या, दूध निम्म्यावर आलं, अंगावरचे केस उभे राहिले, हे तुला तेव्हाच कळवलं होतं. मग तांबूचं पहिलटकरणीचं वासरू अवेळी पडलं, मेलेलंच. ते फोनवर सांगताना मला रडू आलं आणि तुझं डोकं फिरलं. तू लगेच लाकड्याच्या पेंडेच्या दुकानात फोन लावलास. शाळेत तुझ्या बाकावर बसायचा तो लाकड्या, काठीसारखा होता म्हणून तूच त्याचं नाव पाडलंस. त्याचे हात पेंडेत माखलेले, म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा ठेवला होता. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. आणि तू ओरडलास, "कुजकं खाद्य विकतोस, माझी गुरं मारलीस!"  त्याने हात पुसले म्हणे आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी तुझी लेक गोठ्यात आली ती हातात एक लांब पोकळ सळई घेऊन. प्रत्येक पोत्यात वर, मधे, तळाला खुपसायची आणि आतलं खाद्य पिशवीत काढायची. मी म्हटलं, "अगं, एक मूठ घे ना, सगळं एकच तर आहे."

"आजी, बुरशीचं विष सगळीकडे सारखं नसतं. एका कोपऱ्यात दडून बसतं. एकच मूठ घेतली तर ते आपल्याला हातोहात फसवेल."

"मग मी वरची बुरशी झटकून, उन्हात घालून देत होते ते?"

"बुरशी झटकली जाते गं. तिने सोडलेलं विष दाण्यातच राहतं. ते गाईच्या यकृतावर जातं, आणि थोडं दुधातही उतरतं."

"दूध मी उकळतेच की!"

"उकळूनही जात नाही."

 सांगायला नको, त्या दिवसापासून तिने दूध बंद केलं. तपासणीचा निकाल यायचा होता, तरी केलं. सगळं दूध खड्ड्यात. मला बघवेना, मी पाठ करून उभी राहिले. मग ती स्वतः रतिबाच्या दारोदार गेली. समोरच्या मास्तरीणबाई, त्यांच्या जुळ्या नातवंडांसाठी आपलंच दूध जातं ना, त्या कडाडल्या, "म्हणजे इतके दिवस आम्ही विष पाजलं होय पोरांना?" आपली पोरगी खाली मान घालून उभी नाही राहिली हो. म्हणाली, "बाई, दुधात किती उतरलंय ते तपासायला दिलंय. येईल तो कागद आधी तुम्हाला दाखवीन, मग घरी नेईन." आणि तसंच केलं. थोडं होतं दुधात, ते तिने लपवलं नाही. मुलांच्या डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत गेली. पोरं ठणठणीत आहेत. आता मास्तरीणबाईच सगळ्यांना सांगतात, दूध घ्यावं तर या घरचं, इथे खोटं चालत नाही.

खाद्याचा निकाल आला. आपल्या पोत्यांत विष, आणि भरपूर. पण तिने लाकड्याच्या दुकानातूनही त्याच खेपेची पोती तपासायला दिली होती. ती स्वच्छ निघाली. एकूण एक. म्हणजे त्याच्याकडून निघालं तेव्हा खाद्य चांगलं होतं, आणि बिघडलं ते आपल्या छपराखाली.

मग ती दुकानात गेली. मीही गेले, भाजीचं निमित्त होतंच. भर गर्दीत ती मोठ्याने म्हणाली, "काका, तुमच्या मालात काही दोष नव्हता. चूक आमच्या गोठ्यात झाली. तुम्हाला सगळ्यांसमोर बोल लागला, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

लाकड्या वजनकाट्याकडे बघत राहिला. म्हणाला, "हे तू सांगतेस, पोरी. बोलला तो तुझा बाप."

ढब्बू, त्या वेळी माझ्या छातीत काय भरून आलं म्हणून सांगू! कुणाच्या पोटची आहे ही, असं ओरडून विचारावंसं वाटलं, आणि उत्तरही मीच द्यावं.

पण तुला हे कळलं तेव्हा तू तिला काय म्हणालास? "बापापेक्षा तुला तो पेंडवाला मोठा झाला?" आणि तेव्हापासून तिचा फोन घेत नाहीस. आपल्या गोठ्यात चूक झाली म्हणजे नक्की काय झालं, हे तू विचारलं नाहीस आणि तिनेही सांगितलं नाही. लोक समजतात म्हातारीने निष्काळजीपणा केला. मी समजू देते, माझी पाठ रुंद आहे.

आता ताडपत्रीचं.

तू किती हौसेने पाठवलीस. निळीशार, जाड, काठाला पितळी कड्या. "आई, चारी बाजूंनी करकचून बांध, फट ठेवू नकोस, थेंब आत जाणार नाही." मी खाद्याच्या पोत्यांवर तशीच बांधली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली, माझ्या लेकाने पाठवली म्हणून. रोज सकाळी दोरी आणखी आवळायची. थेंब आत गेला नाही, हे अगदी खरं. पण आतला ओलावा बाहेरही आला नाही रे. मक्याचा भरडा किंचित ओलसर होता, खाली गार फरशी, वर दिवसभर तापलेला पत्रा. पोतीच्या पोती आतल्या आत घामेजली. पोरीने दोरी सोडली तेव्हा ताडपत्रीच्या आतल्या अंगाला दंव साचलं होतं, आणि वास असा, जसा बंद ट्रंकेतल्या ओल्या कपड्यांना येतो.

तिने माझा हात धरला. "आजी, बाबांना ताडपत्रीचं सांगायचं नाही. त्यांनी प्रेमाने पाठवली. कळलं तर ते स्वतःला खात बसतील. त्यापेक्षा मला बोलू देत."

म्हणून ती तुझं बोलणं ऐकून घेते आणि गप्प बसते. मी कबूल झाले होते. पण परवा तिने तुला फोन लावला, तू उचलला नाहीस, आणि ती फोनकडे बघून हसली. ते हसू मला सहन झालं नाही. शब्द मोडला. ती रागवली तर मी बघून घेईन.

तू स्वतःला खात बसू नकोस. बांधणारे हात माझेच होते, आणि दोघांचीही माया अंमळ जास्त आवळली गेली, एवढंच. ताडपत्री फेकली नाही. घासून धुऊन शेणखताच्या खड्ड्यावर अंथरली आहे, तिथे मात्र गुणाची. पोती आता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, मधून वारा खेळतो. गाईंच्या दुधाचा नवा कागदही स्वच्छ आला.

फळ्या लाकड्याने दिल्या. स्वतः हातगाडीवर घालून आणल्या, स्वतः मांडल्या. मी म्हटलं, "अरे, चहा तरी घे." इतकी वर्षं रोज आपल्या ओट्यावर चहा पिणारा माणूस, दाराबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "नको, काकू. त्याचा फोन आला की घेईन."

तर बाबा, आधी लेकीला फोन कर, मग त्याला. दुकानात गर्दी असते त्या वेळी कर, आवाज मोठा ठेव म्हणावं.

त्याचा कप मी घासून फळीवर पालथा ठेवला आहे. तो सुलटा करायचं तुझ्या हातात आहे.

नातीच्या अभिमानाने फुगलेली, आणि लेकाच्या अभिमानासाठी जागा राखून ठेवलेली,
तुझी आई